चार मिनिटांची साडेसाती

टाइमकीपरची साडेसाती मंगळवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी संपणार होती, आणि मुख्य टाइमकीपरच्या जागेसाठी अर्ज घेणारी खिडकी त्याच मंगळवारी अकराच्या ठोक्याला बंद होणार होती. साडेसात वर्षं ज्या ग्रहानं एका सरळ माणसाला छळलं, त्याला जाता जाता चार मिनिटं आधी उठायला काय झालं होतं? प्रश्न साधा होता, पण ग्रहाला जाऊन विचारणार कोण?

टाइमकीपरनं विचारलं. ग्रहाला नाही, मेहुण्याला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. नोकरी टायरच्या दुकानात, पण खरा जीव पत्रिकांमध्ये. गिऱ्हाईक पंक्चर काढायला आलं तरी हा आधी त्याची रास विचारायचा. सोमवारी संध्याकाळी तो बहिणीकडे चहाला आला होता आणि टाइमकीपरनं त्याला कोपऱ्यात गाठला होता.

“अरे, चार मिनिटांचा तर प्रश्न आहे. थोडंफार मागेपुढे होत असेल की!”

“दाजी, शनी आहे तो. तुमच्या डेपोची गाडी नाही, ड्रायव्हरला हाक मारली आणि काढली बाहेर.”

“माझ्या डेपोची गाडी असती तर वेळेवर सुटली असती! आणि अकरा चारच का? ही काय वेळ आहे का निघण्याची?”

“शनी मंद असतो हो. एकेका राशीत अडीच अडीच वर्षं मुक्काम. तुमची रास मकर. तुमच्या आधीची एक, तुमची एक, नंतरची एक. अडीच त्रिक साडेसात. उद्या अकरा चारला तो शेवटची रास सोडणार, तुम्ही मोकळे.” मेहुण्यानं चहाचा घोट घेतला आणि मान हलवली. “खरं तर तुमचं नशीबच नऊ मिनिटांनी हुकलंय. तुम्ही जन्मलात तेव्हा चंद्राला मकरेत शिरून जेमतेम नऊ मिनिटं झाली होती. थोडे आधी आला असतात तर रास धनू. अडीच वर्षांपूर्वीच सुटला असता.”

“मग मी काय करायला हवं होतं? आत बसून घाई करायला हवी होती का?” टाइमकीपर भडकला.

त्याचा राग समजण्यासारखा होता. साडेसात वर्षं या माणसानं काय काय सोसलं होतं! नवीन काम अंगावर घ्यायचं नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, घरात लोखंडाची नवी वस्तू आणायची नाही, असं मेहुण्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळे घरातल्या फ्रीजचं दार चार वर्षं दोरीनं बांधून ठेवलेलं होतं. उजव्या हाताच्या मधल्या बोटात एक लोखंडी अंगठी होती, ती घातली तेव्हा सैल होती आणि आता बोटाचाच भाग झाली होती. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दोन वर्षांपूर्वी डेपोनं त्याला आपण होऊन बढती देऊ केली होती. त्यानं हात जोडून नको म्हटलं. ती बढती मग त्याच्या हाताखाली काम शिकलेल्या पोराला मिळाली. ते पोर आज डेपोचा साहेब होतं.

आता मुख्य टाइमकीपरची जागा निघाली होती. अट अशी की अर्ज करणारा पन्नाशीच्या आतला हवा. टाइमकीपर तीन आठवड्यांनी पन्नास पूर्ण करणार होता. ही गेली की संपलंच.

“अहो, मग आजच जाऊन द्यायचा होतात ना अर्ज,” बायको आतून म्हणाली.

“साडेसातीत? साडेसात वर्षं कळ काढली आणि शेवटच्या दिवशी घाण करू?”

“साडेसाती तुमची आहे, फ्रीजचं दार मी बांधते.”

मेहुण्यानं शेवटचा निकाल दिला. “अर्ज अकरा चारनंतरच हातातून सुटला पाहिजे. एक सेकंद आधी नको. मी सांगितलंय, पुढे तुमची मर्जी.” आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तो घाईघाईनं उठला. त्या घड्याळाची घाई करण्यात अर्थ नव्हता, ते पंधरा मिनिटं पुढे होतं. टाइमकीपरच्या घरातलं घड्याळ पुढे, म्हणजे अगदी दिव्याखाली अंधार. पण ते आईचं घड्याळ होतं आणि त्याला हात लावायची या घरात कुणाची टाप नव्हती.

डेपोत मात्र टाइमकीपरचा शब्द शेवटचा. बावीस वर्षं तो सहाच्या ड्युटीला बरोबर पाच मिनिटं आधी पोचत होता. त्याच्या केबिनमध्ये डेपोचं मुख्य घड्याळ होतं आणि त्याला तारांनी जोडलेली घड्याळं फलाटावर, कँटीनमध्ये, साहेबांच्या खोलीत आणि अर्जांच्या खिडकीवर होती. रोज पहाटे तो रेडिओच्या ठोक्यांवर मुख्य घड्याळ तपासायचा. बावीस वर्षांत ते एका सेकंदानं चुकलं नव्हतं, आणि कुणी ड्रायव्हर, कंडक्टर, कारकून एका मिनिटानं चुकला तर टाइमकीपरच्या लाल पेनातून सुटला नव्हता. तीन लाल शेरे म्हणजे अर्धी रजा कापली. लोक गयावया करायचे, “अहो, चार मिनिटांनी काय आकाश कोसळतं का?” त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे, “आकाश कोसळत नाही. गाडी सुटते.”

मंगळवारी पहाटे टाइमकीपर मुख्य घड्याळासमोर उभा राहिला आणि त्याच्या मनात पहिल्यांदाच पाप आलं.

त्याचं म्हणणं असं होतं. शनी चालतो आकाशातल्या वेळेवर. खिडकी चालते डेपोच्या वेळेवर. डेपोची वेळ माझ्या हातात आहे. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं काटा मागे घेतला तर खिडकी खऱ्या अकरा पाचला बंद होईल. आपण अकरा चारला अर्ज द्यायचा. शनीला शनीची वेळ, खिडकीला खिडकीची. कुणाचं नुकसान नाही. आणि इतकी वर्षं डेपोला आपण वेळ दिली, डेपोनं आपल्याला पाच मिनिटं देऊ नयेत?

शेवटच्या विचारानं त्याला इतका संताप आला की त्या संतापातच त्यानं काटा मागे घेतला. त्याबरोबर तारेनं जोडलेली सगळी घड्याळं निमूटपणे मागे गेली.

साडेसहाच्या पाळीला पहिला चमत्कार झाला. लंबू वेळेवर आला. लंबू हा डेपोतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात उशिरा येणारा ड्रायव्हर. तो धावत धावत केबिनशी आला, नेहमीसारखं तोंड पाडून वर बघितलं आणि जागीच थबकला. घड्याळात सहा एकोणतीस झाले होते.

“दादा! मी वेळेवर आलो?”

“दिसतंय तसं,” टाइमकीपर वही बघत म्हणाला.

“पण माझ्या मोबाईलमध्ये तर सहा चौतीस दाखवतंय.”

“मग मोबाईल बिघडलाय.”

“बिघडलाच असणार,” लंबू लगेच म्हणाला, “तुमचं घड्याळ कसं चुकेल?” आणि त्यानं कँटीनमधल्या सगळ्यांना चहा पाजला. आठ वाजेपर्यंत डेपोतल्या सहाजणांनी आपापले मोबाईल बंद करून पुन्हा चालू केले, दोघांनी कंपनीला फोन करून तक्रार नोंदवली आणि तिकीट खिडकीवरच्या कारकुनानं मनगटावरचं नवंकोरं घड्याळ दोनदा आपटलं. टाइमकीपरच्या घड्याळावर संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. प्रामाणिकपणाचा असा दणदणीत फायदा होतो हे त्याला आजपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि त्याला आनंद होण्याऐवजी उगाचच चीड आली.

खऱ्या पावणेअकराला तो अर्ज घेऊन खिडकीशी गेला. खिडकीत मॅडम बसल्या होत्या. मॅडम म्हणजे चष्मा नाकाच्या टोकावर, शिक्का उजव्या हाताला, आणि स्मरणशक्ती भयंकर. पाच वर्षांपूर्वी त्यांची बहीण दवाखान्यातून घरी यायची होती, त्या दिवशी त्यांना अर्धी रजा हवी होती आणि ती मिळाली नव्हती, कारण तीन लाल शेऱ्यांपायी ती आधीच कापली गेली होती. तिसरा शेरा तीन मिनिटांचा होता. मॅडम त्यानंतर टाइमकीपरशी कामापुरतं बोलत. एरवी त्या समोरच्या फायलीशी बोलत.

खिडकीपुढे टाइमकीपर पहिलाच होता. ही आणखी एक पंचाईत.

“द्या,” मॅडमनी हात पुढे केला.

“नाही, घाई नाही. हे लोक येताहेत त्यांचं घ्या आधी.”

मागे लंबू रजेचा अर्ज घेऊन आला होता. टाइमकीपर बाजूला सरकला. “तू हो पुढे.”

लंबूनं मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. “मी? तुमच्या आधी? दादा, तब्येत बरी आहे ना?”

“पुढे हो म्हटलं ना!”

लंबू झाला, मग एक कंडक्टर झाला, मग कार्यशाळेतला एक मेकॅनिक काळे हात पुशीत झाला. टाइमकीपर प्रत्येकाला वाट करून देत होता आणि प्रत्येकजण जाताना त्याच्याकडे काळजीनं बघत होता. मग रांग संपली. त्याच्या मनगटावर खरे दहा अठ्ठावन्न होते. मॅडमच्या डोक्यावरच्या घड्याळात दहा त्रेपन्न.

“आता तरी द्या.”

“एकदा वाचून बघतो. चूक नको.”

“जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात,” मॅडम फायलीला म्हणाल्या, “स्वतःची काढायला वेळ लागायचाच.”

तो अर्ज वाचू लागला. अर्ज एका पानाचा होता. तो दुसऱ्यांदा वाचत असताना कँटीनमधल्या रेडिओवर ठोके पडले आणि निवेदिकेनं खणखणीत आवाजात सांगितलं की अकरा वाजले आहेत, ऐका बातम्या.

मॅडमनी शिक्का ठेवला आणि खिडकीच्या झडपेला हात घातला. “अकरा वाजले.”

“नाही!” टाइमकीपर ओरडला. “घड्याळ बघा. पाच कमी आहेत.”

“रेडिओ सांगतोय.”

“रेडिओ पुढे आहे, मॅडम.”

कुणीही शहाण्या बाईनं यावर झडप बंद केली असती. पण बोलणारा टाइमकीपर होता. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, रेडिओच्या दिशेनं बघितलं आणि हात काढून घेतला. “आजकाल कशाचाच भरवसा राहिला नाही,” त्या म्हणाल्या. टाइमकीपरला घाम फुटला. तो खिशातून रुमाल काढून पुसत राहिला आणि मनगटाकडे चोरून बघत राहिला. अकरा एक. अकरा दोन. पेनाचं टोपण खाली पाडून ते शोधण्यात त्यानं एक मिनिट काढलं. मग सेकंदकाटा बारावर आला, अकरा चार झाले, आणि टाइमकीपरनं डोळे मिटून अर्ज आत सरकवला.

मॅडमनी वर बघितलं. “दहा एकोणसाठ,” असं म्हणून त्यांनी नोंद केली आणि शिक्का मारला.

शनी गेला होता! टाइमकीपरला वाटलं, खांद्यावरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतलं. त्यानं तिथल्या तिथे बोटातली अंगठी ओढली. ती निघाली नाही. त्यानं जोर लावला, बोट लाल झालं. तो अंगठीशी अशी झटापट करत असतानाच साहेब आपल्या खोलीतून हातात फोन घेऊन बाहेर आले.

“दादा,” साहेब अजून त्याला जुन्या सवयीनं दादाच म्हणत, “पुढच्या स्टँडवरून फोन आलाय. सकाळपासून आपली प्रत्येक गाडी पाच मिनिटं उशिरा पोचतेय. प्रत्येक! एक नाही, दोन नाही, अठ्ठावीस गाड्या. सगळ्या मोजून पाच मिनिटं.”

कँटीनमधून माणसं बाहेर आली. लंबूनं खिशातून मोबाईल काढला आणि त्याच्याकडे हरवलेला भाऊ सापडल्यासारखं बघितलं.

“म्हणजे घड्याळ मागे आहे,” साहेब हळूच म्हणाले. डेपोत इतकी शांतता पसरली की रेडिओवरचं हवामान ऐकू यायला लागलं.

“असेल,” टाइमकीपर म्हणाला. “यंत्र आहे. होतं कधीकधी. लगेच नीट करतो.”

“नीट करालच हो,” मॅडम म्हणाल्या, आणि आज पाच वर्षांनी त्या सरळ त्याच्याशी बोलत होत्या. “पण परिपत्रकाचं काय?”

प्रत्येक खिडकीच्या काचेवर आतून एक परिपत्रक चिकटवलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी ते टाइमकीपरनंच लिहिलं होतं, तेव्हाच्या साहेबांकडून सही करून आणलं होतं आणि स्वतः हिंडून चिकटवलं होतं. मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि एकेक शब्द चवीनं वाचला. “‘घड्याळात फरक आढळल्यास त्या दिवसाच्या सर्व नोंदी फरकाइतक्या दुरुस्त कराव्यात. अपवाद नाही.’ अपवाद नाही याखाली लाल रेघ आहे. दोन रेघा आहेत.”

“बरोबर आहे,” साहेब नाइलाजानं म्हणाले.

“मग दहा एकोणसाठचे झाले अकरा चार. अर्ज मुदतीनंतर आला. बाद.”

टाइमकीपरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बाद? बावीस वर्षं काढली मी या डेपोत! एक दिवस उशीर नाही, एक शेरा नाही! आणि चार मिनिटांसाठी बाद? चार मिनिटांनी काय आकाश कोसळतं का?”

तोंडातून शब्द गेले आणि त्यानं जीभ चावली. पण शब्द गेले होते. लंबूनं हसू दाबण्यासाठी तोंडावर रुमाल धरला. मेकॅनिक जमिनीकडे बघू लागला.

“आकाश कोसळत नाही हो,” मॅडम अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. “गाडी सुटते.”

आणि त्यांनी झडप खाली ओढली.

नोंदी दुरुस्त करायचं काम अर्थात टाइमकीपरचंच होतं. त्यानं वही उघडली. लंबूचे सहा एकोणतीस त्यानं सहा चौतीस केले आणि पुढे लाल शेरा मारला. लंबू शेजारीच उभा होता. “सगळ्यांना चहा पाजून बसलो, दादा,” एवढंच तो म्हणाला. मग टाइमकीपरनं खिडकीचं रजिस्टर मागवून आपल्या सुवाच्य अक्षरात आपलेच दहा एकोणसाठ खोडले आणि अकरा चार लिहिले. शेवटी घड्याळाच्या वहीत एक रकाना उरला. फरकाचे कारण. बावीस वर्षांत तो रकाना भरायची वेळ आली नव्हती. टाइमकीपर बराच वेळ पेन धरून बसला. खोटं लिहिणं त्याला जमण्यासारखं नव्हतं, आणि खरं काय ते त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं दात ओठ खाऊन लिहिलं: शनी.

संध्याकाळी तो घरी आला तो धुमसतच. मेहुणा पेढ्यांची वाट बघत बसला होता. टाइमकीपरनं चपला काढता काढता सगळं सांगितलं. काटा मागे घेतल्याचंही सांगितलं. बायकोनं कपाळाला हात लावला. आईनं पलंगावरून विचारलं, “कोण मेलं?”

“कुणी नाही, आई. माझी नोकरी होती तशीच राहिली.” मग तो मेहुण्याकडे वळला. “आता तू बोल! अकरा चारला साडेसाती संपली म्हणालास. अकरा चारनंतर माझा सत्यानाश झाला. तो कुणी केला? शनी तर निघून गेला होता!”

“जाता जाता ठोसा मारला असेल, दाजी.”

“जाता जाता म्हणजे? वेळ म्हणजे वेळ! माझ्या डेपोत ड्युटी संपल्यावर कुणी ड्रायव्हर गाडी चालवत नाही!”

हे बोलणं मेहुण्याला लागलं. ज्योतिषाचा अपमान त्याला सहन होत नसे. त्यानं पत्रिका मागितली, पलंगावर पसरली आणि त्यावर बोट फिरवू लागला. “गणित चुकायचं नाही. चुकली असेल तर जन्मवेळ चुकली असेल. कुठल्या घड्याळावर घेतली होती?”

“दुसरं घड्याळ कुठलं?” आई म्हणाली. “हेच की भिंतीवरचं. हा जुन्या घरीच झाला. सुईण म्हणाली वेळ लिहून ठेवा, याच्या वडलांनी वर बघितलं आणि लिहिली.”

बायको पदराला हात पुसत दारात आली होती. तिनं घड्याळाकडे बघितलं. “पण आई, हे तर पंधरा मिनिटं पुढे असतं.”

“पहिल्यापासून असतं. याच्या वडलांची रोज गाडी चुकायची. मी लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी काटा पुढे केला. त्यांना मरेपर्यंत सांगितलं नाही.”

मेहुणा बोटांवर मोजत होता. त्याचे ओठ हलत होते आणि चेहऱ्याचा रंग उतरत होता.

“दाजी,” तो अखेर म्हणाला, “तुम्ही सहा मिनिटं आधीच झालात. म्हणजे चंद्र शिरायच्या आधी. तुमची रास मकर नाही. धनू आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमची साडेसाती अडीच वर्षांपूर्वीच संपली.”

टाइमकीपर खुर्चीत बसला. अडीच वर्षांपूर्वी. आणि बढती नको म्हणून हात जोडले ते दोन वर्षांपूर्वी. म्हणजे आकाशात कुणीही नसताना, सगळं मोकळं असताना, त्यानं आपल्या हातानं बढती त्या पोराला देऊन टाकली होती.

“थांब,” तो एकदम म्हणाला. “साडेसाती अडीच वर्षं आधी संपली, तर सुरूही आधीच झाली असणार. दहा वर्षांपूर्वी.”

“हो. तीही अडीच वर्षं आधी.”

“ती अडीच वर्षं माझी कशी गेली माहितीये?” टाइमकीपरचा आवाज चढत गेला. “उत्कृष्ट टाइमकीपर म्हणून सगळ्या डेपोंमधून पहिला आलो! पोरगी शाळेत पहिली आली! हे घर झालं! आयुष्यात त्याच्याइतके सुखाचे दिवस गेले नाहीत, आणि ती साडेसाती होती?”

“तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं ना,” मेहुणा पुटपुटला.

“हो ना! तू अजून या घरात पत्रिका बघायला लागला नव्हतास!”

मेहुण्यानं पत्रिकेची घडी घातली. शनी वाईट नसतो, तो न्याय देतो, शिस्त लावतो, थांबायला शिकवतो, असं काहीतरी तो म्हणत होता, पण बायकोनं त्याला चहाचा कप हातात देऊन गप्प केलं. टाइमकीपर उठला, स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि आई नको नको म्हणत असताना त्यानं त्या घड्याळाचा काटा पंधरा मिनिटं मागे घेतला. एका दिवसात त्यानं हे दुसरं घड्याळ मागे घेतलं होतं. हे मात्र बरोबर झालं.

बुधवारी सकाळी घर नेहमीसारखं उठलं. बायकोनं नेहमीप्रमाणे भिंतीकडे बघून पाणी ठेवलं, भिंतीकडे बघून डबा भरला आणि भिंतीवर पावणेसहा झाल्यावर तो नवऱ्याच्या हातात दिला. इतकी वर्षं भिंतीवरचे पावणेसहा म्हणजे खरे साडेपाच. टाइमकीपर दारात आला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग तो जो धावत सुटला, तो डेपोच्या फाटकापर्यंत थांबला नाही. मुख्य घड्याळ, काल त्यानंच नीट केलेलं, सहा वाजून चार मिनिटं दाखवत होतं.

केबिनबाहेर लंबू उभा होता. आज लवकर आला होता, बहुधा मोबाईलवर विश्वास बसला असावा. त्यानं धापा टाकणाऱ्या टाइमकीपरकडे बघितलं आणि मग मुद्दाम फलाटाकडे तोंड फिरवलं.

“मी काही बघितलं नाही, दादा. सहा लिहून टाका.”

“सहा चार,” टाइमकीपर म्हणाला. त्यानं वही उघडली, स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे लाल शेरा मारला. बावीस वर्षांतला पहिला. मग त्यानं शेजारची घड्याळाची वही ओढली आणि कालचं पान काढलं. फरकाचे कारण या रकान्यात ‘शनी’ होतं. त्यावर त्यानं पट्टी लावून सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं: मी. खाली सही केली. लंबू खांद्यावरून वाकून बघत होता.

“म्हणजे घड्याळ तुम्ही...”

“हो. मीच. आता जा, तुझी गाडी सुटायची वेळ झाली.”

दहा वाजता खिडकी उघडली. शेजारी नवी सूचना लागली होती आणि टाइमकीपर ती दोनदा वाचून गेला होता. ठरलेल्या मुदतीत एकही अर्ज न आल्यामुळे मुदत आठ दिवस वाढवण्यात येत आहे, असं तिच्यात होतं. खरंच, दुसरा कोण अर्ज करणार होता? सगळ्या डेपोची बोलणी खायची हौस कुणाला असते?

तो सरळ खिडकीपुढे उभा राहिला आणि कालचाच अर्ज आत सरकवला. खिशातला फोन वाजायला लागला.

मॅडमनी अर्ज घेतला, वर घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “ऐकलं ते खरं का? आज तुम्हाला लाल शेरा?”

“चार मिनिटं.”

“कुणी दिला?”

“दुसरं कोण देणार? मीच.”

मॅडमनी ‘दहा एक’ अशी नोंद केली आणि शिक्का मारला. मग ड्रॉवर उघडून त्यांनी तेलाची एक छोटी बाटली काढली आणि खिडकीतून पुढे केली. “ती अंगठी काढा आधी. काल बोट काळंनिळं झालं होतं.”

फोन अजून वाजत होता. टाइमकीपरनं तो कानाला लावला. पलीकडून मेहुण्याचा आवाज आला, “दाजी, नवीन वेळेवर पत्रिका मांडली. ऐका, काहीही करा, पण येत्या सोमवारपर्यंत कुठल्याही कागदावर...”

“गाडी सुटली रे,” टाइमकीपर म्हणाला, आणि फोन खिशात टाकून तो बोटाला तेल चोळू लागला.